'इरा' की 'ईरा'? अर्थ नक्की कोणता, आणि 'दारू' हा अर्थ खरा आहे का?

पैलतीर_बॉन यांचा प्रश्न:

मुलीचं बारसं पुढच्या आठवड्यात सांगलीला आहे. नाव 'इरा' जवळजवळ ठरलंय, पत्रिका छापायला द्यायची आहे. पण तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

नावांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक ठिकाणी वेगळाच अर्थ सापडतो : पृथ्वी, सरस्वती, जागरूक, शांती, वाऱ्याची देवता. यातला संस्कृत कोणता? सासूबाईंना एका ओळखीच्या शास्त्रीबुवांनी सांगितलं की इरा म्हणजे मद्य. त्यांनी तेव्हापासून नावाला हरकत घेतली आहे. आणि जन्मपत्रिका करणाऱ्या गुरुजींनी कागदावर 'ईरा' असं दीर्घ लिहून दिलंय, तर छापखानेवाला म्हणतो ऱ्हस्वच बरोबर.

'इरावती' ठेवून घरात 'इरा' म्हणावं असाही एक विचार आहे. मुलगी पुढे जर्मनीत वाढणार आहे, तेव्हा तिकडच्या उच्चाराबद्दलही कुणी सांगू शकलं तर बरं. जन्मनोंदणी सांगली महापालिकेत झाली आहे, दाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे.

---

निघंटू :

आधी मूळ शब्द, मग दारू.

'इरा' हा ऋग्वेदातला शब्द आहे. तिथला अर्थ पोषण करणारा रस, पिण्याजोगं किंवा खाण्याजोगं जे काही जिवाला तरतरी देतं ते. निघंटू नावाच्या वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात अन्नाच्या नावांची यादी आहे, त्यात 'इरा' आणि 'इळा' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात. सर्वात चांगला दाखला पाचव्या मंडलातल्या पर्जन्यसूक्तात आहे (5.83.4) :

प्र वाता वान्ति पतयन्ति विद्युत उदोषधीर्जिहते पिन्वते स्वः ।
इरा विश्वस्मै भुवनाय जायते यत्पर्जन्यः पृथिवीं रेतसावति ॥

वारे सुटतात, विजा कोसळतात, वनस्पती उसळून वर येतात, आभाळ भरून पाझरतं. पर्जन्य पृथ्वीला आपल्या रेताने भिजवतो तेव्हा साऱ्या भुवनासाठी इरा जन्माला येते. मुलीच्या नावाला याहून चांगला आधार मिळणं कठीण. बारशाच्या पत्रिकेवर दुसरी ओळ छापा, अर्थ विचारणाऱ्यांना तीच दाखवा.

उलट शब्दही वेदात आहे : 'अनिरा', म्हणजे इरेचा अभाव, उपासमार, ग्लानी. 'अनिरा' आणि 'अमीवा' (रोग) यांना आमच्यापासून दूर ठेवा, अशी अश्विनांची प्रार्थना आहे (7.71.2). शब्दाची बाजू शुभ की अशुभ हे त्याच्या नकारावरून पटकन कळतं.

आता कोश. अमरकोशाच्या नानार्थवर्गात 'इरा भूवाक्सुराप्सु स्यात्' असं आहे. म्हणजे इरा हा शब्द चार अर्थांनी येतो : भू म्हणजे जमीन, वाक् म्हणजे वाणी, सुरा म्हणजे मद्य, अप् म्हणजे पाणी. संकेतस्थळांवरचा 'पृथ्वी' भू वरून आलाय. 'सरस्वती' वाक् वरून आलीय, वाणीची देवता ती सरस्वती असा एक पायरीचा हिशोब करून. थेट 'इरा = सरस्वती' म्हणणं म्हणजे थोडी उडी आहे, पण अगदी हवेतली नाही.

शास्त्रीबुवा चुकीचं सांगत नाहीत. फक्त चारातला एकच अर्थ सांगतात. पेय हा मूळ अर्थ असल्यावर त्यात पाणीही आलं आणि सुराही आली.

सासूबाईंसाठी एक गंमत. अमरकोशात मद्याच्या पर्यायांची वेगळी यादी आहे, त्यात हा तुकडा येतो : 'गन्धोत्तमाप्रसन्नेराकादम्बर्यः'. संधी सोडवा : गन्धोत्तमा, प्रसन्ना, इरा, कादम्बरी. एकाच दमात तीन नावं आली! प्रसन्ना आणि कादंबरी नावाच्या मुली आपल्याकडे सुखाने नांदतात, त्यांच्या बारशाला कुणी कोश काढला नव्हता. इरेनेच काय घोडं मारलंय?

---

चरणाक्षर :

ऱ्हस्व-दीर्घाचं सांगतो. गुरुजींच्या 'ई'चं कारण नव्याण्णव टक्के अवकहडा चक्र आहे, म्हणजे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं अक्षर ठरवणारं कोष्टक.

पंचांगात कृत्तिका नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं अ, ई, उ, ए अशी छापलेली असतात. मुलगी कृत्तिकेच्या दुसऱ्या चरणावर असेल (चंद्र वृषभेत 0 अंश ते 3 अंश 20 कला) तर अक्षर 'ई' निघतं आणि गुरुजी ते जसंच्या तसं नावाला लावतात. या चक्रात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद धरत नाहीत. 'ई' अक्षरावर इरा, इला, इंदिरा, ईशानी सगळी चालतात. त्यामुळे चक्रासाठी नाव दीर्घ करण्याची काही गरज नाही.

आणि मुळात चरणाक्षराचं नाव हे जन्मनाव. ते पत्रिकेत राहतं, संकल्पाला लागतं. व्यवहारातलं नाव त्याच अक्षराचं हवं अशी सक्ती नाही. तुमच्या मुलीचं नक्षत्र दुसरंच असेल तर पत्रिकेत वेगळं जन्मनाव लिहून घ्या आणि इरा मोकळेपणाने ठेवा.

'ईरा' संस्कृतात ओढूनताणून बसवता येतं. 'ईर्' हा धातू आहे, हलणं, हलवणं, पुढे ढकलणं या अर्थाचा. समीर, प्रेरणा (प्र + ईरणा) हे त्यातले. 'वाऱ्याची देवता' हा अर्थ बहुधा इथूनच कुणीतरी उचललाय. पण वर निघंटू यांनी दिलेले सगळे दाखले ऱ्हस्व 'इरा'चे आहेत. तत्सम शब्द मराठीत मुळाप्रमाणे लिहायचा, म्हणून छापखानेवाला बरोबर. एकदा त्याचं ऐका, असे छापखानेवाले आता फार उरले नाहीत.

---

मधुमालती :

इला / इळा / इडा यांच्याशी नातं काय? 'इला' ही मनूची मुलगी ना? मग इरा म्हणजे तीच का?

---

निघंटू :

नातं आहे, पण व्यक्ती एक नाही.

ऋग्वेदात दोन स्वरांच्या मध्ये 'ड'चा 'ळ' होतो, म्हणून तिथे 'इळा'. 'इळा सरस्वती मही तिस्रो देवीर्मयोभुवः' (1.13.9) यातली ती. नंतरच्या ग्रंथांत तीच इडा आणि इला. शतपथ ब्राह्मणात पुराची कथा आहे. पूर ओसरल्यावर मनू पाण्यात तूप, दही असल्या दुधाच्या पदार्थांची आहुती देतो आणि त्यातून इडा उभी राहते. पुराणांत इला ही पुरूरव्याची आई, म्हणजे चंद्रवंशाची मूळ स्त्री. योगातली इडा नाडीही याच नावाची.

इरा पुराणांत वेगळी येते : दक्षाची कन्या, कश्यपाची पत्नी, आणि झाडं, वेली, गवत यांची आई. विष्णुपुराणात ही वंशावळ आहे. पर्जन्यसूक्तातल्या अर्थाला ती इतकी चपखल आहे की मला तरी मनूच्या मुलीपेक्षा हीच जवळची वाटते.

ज्यांना 'इळा' हे वैदिक रूप ठेवायचा मोह होतो त्यांना एक सूचना. आपल्याकडे गावाकडच्या बोलीत विळ्याला इळा म्हणतात. गवत कापायला.

---

बावनखणी :

इरावतीबद्दल लिहितो, कारण ते नाव इरापेक्षा भरघोस आहे असं माझं ठाम मत.

इरा + वती, म्हणजे इरा जिच्यापाशी आहे ती. ऋग्वेदात हे आधी विशेषण म्हणून येतं. 7.99.3 मध्ये द्यावापृथिवींना (आकाश आणि पृथ्वी) म्हटलंय 'इरावती धेनुमती हि भूतम्', अन्नाने आणि गाईंनी भरलेल्या व्हा. नदीचं नाव म्हणून ते पंजाबातल्या रावीचं. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा यास्क सांगतो 'इरावतीं परुष्णीत्याहुः', म्हणजे वेदातली परुष्णी तीच इरावती. इरावतीचीच झाली रावी.

दुसरी नदी ब्रह्मदेशातली. आपण जिला इरावती म्हणतो तिला ब्रह्मी लिखाणात 'एरावती' असं लिहितात, उच्चार मात्र 'एयावडी'च्या जवळचा. मराठी घरांत हे नाव ओळखीचं झालं त्यात इरावती कर्वे यांचा वाटा मोठा. त्यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशात मिंजान इथे झाला, वडील तिथे नोकरीला होते, आणि मुलीला नाव दिलं ते त्या नदीचं. तेव्हा 'इरावती' ठेवताना तुम्ही रावी म्हणा की ब्रह्मदेशची नदी, दोन्ही चालतं.

महाभारताच्या बाजूने : उत्तराची मुलगी इरावती ही परीक्षिताची बायको आणि जनमेजयाची आई, हे भागवतात आहे. अर्जुन आणि उलूपीचा मुलगा इरावान, तेही याच शब्दाचं पुल्लिंगी रूप. ऐरावतही याच घरातला. इरा म्हणजे पाणी, इरावान म्हणजे समुद्र, त्यातून निघाला तो ऐरावत, अशी जुनी व्युत्पत्ती आहे. रामायणात मात्र इरावती नावाच्या आईचा मुलगा म्हणून ऐरावत, असं सांगितलंय.

सासूबाईंना हे सांगू नका, पण कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात अग्निमित्राची इरावती नावाची राणी आहे आणि तिसऱ्या अंकात ती थोडी झिंगलेल्या अवस्थेतच रंगमंचावर येते.

लिहिताना काय चुकतं : 'ईरावती' आणि 'इरावति'. पहिला इ ऱ्हस्व, शेवटचा ती दीर्घ. रोमन लिपीत शेवटून चौथं अक्षर व्ही की डब्ल्यू हे आधीच ठरवा. इरावतीबाई डब्ल्यू लिहायच्या. जर्मनीत डब्ल्यूचा उच्चार आपल्या व च्या जवळ येतो आणि व्ही अनेक शब्दांत फ होतो. तेव्हा तुमच्यासाठी डब्ल्यू सोयीचं, नाहीतर शाळेत कुणीतरी 'इराफाती' वाचेल.

---

लिप्यंतर :

परदेशातला भाग. संकेतस्थळांवरचे उरलेले अर्थ कुठून आले तेही यातच उलगडतं.

'जागरूक' हा अर्थ हिब्रू नावाचा आहे. बायबलच्या जुन्या करारात, शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात, दावीदाच्या पदरी इरा नावाचा पुरुष आहे. त्या नावाचा संस्कृतशी काही संबंध नाही. अमेरिकेत हे पुरुषाचं नाव म्हणून चालत आलंय आणि उच्चार 'आयरा'. गीतकार आयरा गर्श्विन आठवा. तिथे स्पेलिंग आय-आर-ए ठेवलं की मुलीला जन्मभर 'आयरा' ऐकावं लागेल आणि पत्रांवर श्रीमान येईल.

'शांती' रशियनवरून. तिकडे इरिना नावाचं घरगुती रूप इरा, आणि इरिना हे ग्रीकमधल्या शांतीवाचक शब्दापासून. खुद्द ग्रीकमध्ये आजच्या उच्चारात हेरा देवीचं नाव 'इरा' असंच ऐकू येतं. लॅटिन, इटालियन, स्पॅनिशमध्ये मात्र इरा म्हणजे राग. इटलीत किंवा स्पेनमध्ये लोक हसतील, एवढंच. नावं ठेवणाऱ्या संकेतस्थळांनी हे सगळे एका हंड्यात ओतलेत आणि वर 'संस्कृत' अशी चिठ्ठी लावलीय.

जर्मनीत तुमची परिस्थिती चांगली आहे. तिकडे इरा हे बाईचं नाव म्हणून ओळखीचं आहे, आय चा उच्चार इ च होतो, र घशातला येईल इतकंच. 'तिची' या अर्थाच्या जर्मन शब्दाशी ते ऐकायला जवळ आहे, त्यावरून एखादा विनोद होईल.

स्पेलिंगबद्दल : दीर्घ उच्चार यावा म्हणून दोन ई लावू नका, आणि एक ई तर मुळीच नको. एक ई लावली की इंग्रजीत तो काळ किंवा युग या अर्थाचा शब्द होतो. आय-आर-ए मध्ये एकच तांत्रिक कटकट आहे. बऱ्याच टंकांत (फॉन्टमध्ये) कॅपिटल आय आणि लहान एल सारखे दिसतात, त्यामुळे कुणीतरी हाताने टंकताना 'एल' मारतं आणि मग तिकीट आणि पासपोर्ट जुळत नाहीत. तिकीट हातात आलं की नाव कॉपी करून दुसऱ्या टंकात बघा. सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहिली तर हा घोळ होत नाही, पण ब्रिटन-आयर्लंडमध्ये ती तीन कॅपिटल अक्षरं आयरिश सशस्त्र संघटनेची. तिथे पहिलंच अक्षर कॅपिटल ठेवा.

---

पैलतीर_बॉन :

फारच उपयोगी. अमरकोशाची ती ओळ सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांच्या चुलत नातीचं नाव कादंबरी आहे, त्यामुळे विषय मिटला. ऱ्हस्व 'इरा' नक्की केलं, इरावती नाही, चार अक्षरं आजीच्या तोंडात पूर्ण राहणार नाहीत.

आता दाखल्यावर नाव घालताना काय जपायचं?

---

नोंदवही :

जन्म-मृत्यू नोंदणी विभागात नाव समाविष्ट करण्याचा अर्ज द्या. जन्माची नोंद ज्या तारखेला झाली तिथपासून 12 महिन्यांपर्यंत नाव घालायला विलंब शुल्क नाही. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेव्हा बारसं उरकून शांतपणे गेलात तरी चालेल, घाईत आडनावासकट काहीतरी लिहून येऊ नका.

दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो. चूक जिथे होते ती जागा म्हणजे मराठी रकाना. कर्मचारी इंग्रजी स्पेलिंग बघून मराठी टंकतो किंवा यंत्र आपोआप लिप्यंतर करतं आणि 'ईरा' किंवा 'आयरा' उमटतं. म्हणून अर्जात देवनागरी नाव ठळक लिहा, ऱ्हस्व इ च्या डोक्यावर काही नाही हे नीट दिसू द्या, आणि छपाईच्या आधी पडद्यावरचं नाव दाखवा म्हणून सांगा. तिथे दोन मिनिटं उभं राहणं पुढच्या खेपा वाचवतं.

एकदा नोंदवहीत नाव गेलं की ते मन बदललं म्हणून बदलून मिळत नाही. कायद्याच्या कलम 15 प्रमाणे चूक दुरुस्त होते, तीही मूळ नोंद न खोडता समासात शेरा मारून. 'इरा'चं 'इरावती' करायचं झालं तर ती लेखनातली चूक नव्हे, नावबदल. त्यासाठी राजपत्राचा रस्ता, आणि मग दाखला एक सांगतो, राजपत्र दुसरं. घरात एकमत नसेल तर रकाना आणखी काही दिवस कोरा ठेवणं परवडतं.

पासपोर्टसाठी : 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. म्हणून आधी दाखल्यावर नाव, मग आधार, मग पासपोर्ट हा क्रम ठेवा. आधारच्या केंद्रावर मराठी नाव पुन्हा यंत्राने लिप्यंतरित होतं, तिथेही पडदा तपासा. वडिलांचं नाव मुलीच्या नावाच्या रकान्यात घालायचं की नाही हे एकदाच ठरवा आणि तिन्ही कागदांवर तेच ठेवा. परदेशी व्हिसाच्या कामात ऱ्हस्व-दीर्घापेक्षा हाच घोळ जास्त नडतो.

---

मधुमालती :

शास्त्रीबुवा आणखी काही काढतीलच, म्हणून तयारी. पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं की मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं. इरा आकारान्त आहे, पण अक्षरं दोन. इरावतीची चार, तीही सम.

---

चरणाक्षर :

हा नियम लावला तर सीता आणि राधा दोन्ही बाद. इरावतीवर तर मनुस्मृतीचाही आक्षेप येईल. नक्षत्र, वृक्ष, नदी यांची नावं असलेली मुलगी बायको म्हणून करू नये असं तिथे म्हटलंय (3.9). गंगा, गोदावरी, कृष्णा, यमुना नावाच्या आज्या-पणज्या असलेल्या महाराष्ट्राने तो श्लोक कधी मनावर घेतलेला दिसत नाही. उलट त्याच ग्रंथात स्त्रीचं नाव कसं असावं तेही आहे (2.33) : सुखाने उच्चारता येणारं, क्रूर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मंगल, शेवट दीर्घ वर्णाने होणारं. शास्त्रीबुवांना हा श्लोक द्या.

---

बावनखणी :

घरात लाडाने इरू, इरी होईल ते ठीक. पण मुलगी कोकणातल्या आजोळी पावसाळ्यात गेली की मामेभावंडं तिला 'इरलं' म्हणणार, हे धरून चाला. बांबूच्या कामट्या आणि पानांचं, डोक्यावरून पाठीपर्यंत येणारं ते पावसातलं इरलं. पर्जन्यसूक्ताशी तेही जुळतंच.

---

पैलतीर_बॉन :

आजोळ मिरजेचं आहे, तिकडे इरलं कुणाला ठाऊक नाही. पत्रिकेवर 'इरा विश्वस्मै भुवनाय जायते' छापायला दिलं. छापखानेवाल्याने 'विश्वस्मै'मधला स्मै दोनदा विचारून घेतला.